विधवेची दोन नाणी: उताऱ्यातला बोध आणि आपण काढलेला बोध

साहित्य, इतिहास, समाजशास्त्र किंवा धर्माभ्यास, यांपैकी कशातही पीएच.डी. करायचा विचार असेल तर एक प्रश्न तुम्हाला विचारला जाणारच. संशोधन आराखड्याच्या सादरीकरणात समितीतलं कुणीतरी विचारेल, नाहीतर मार्गदर्शक पहिल्याच प्रकरणाच्या समासात लिहितील: "हे संहितेत आहे, की तुम्ही तिच्यातून काढलंय?" प्रश्न सोपा वाटतो. पण उत्तर देताना भल्याभल्यांची गडबड होते. शाळेपासून आपल्याला सवयच तशी लागलेली असते. गोष्ट संपली की खाली एक ओळ मारायची आणि लिहायचं, "तात्पर्य". ते तात्पर्य गोष्टीतल्या कुठल्या शब्दावर उभं आहे, हे आपल्याला फारसं कुणी विचारलेलं नसतं.

आज हा फरक बायबलमधल्या एका छोट्या उताऱ्यावर तपासून बघू. हाच उतारा का? एकतर, थोडीशी वचनं घेऊन त्यांत स्वतःच्या आयुष्यासाठी बोध शोधणं ही ख्रिस्ती परंपरेतली फार जुनी साधना आहे. घराघरांत रोज सकाळी ती चालते, आणि रविवारचा उपदेशही बऱ्याचदा असाच बांधलेला असतो. दुसरं म्हणजे, या उताऱ्यातून घाईने काढलेल्या बोधाची किंमत कुणीतरी खऱ्याखुऱ्या पैशांत मोजत असतं. म्हणून हा नुसता अभ्यासाच्या टेबलावरचा वाद नाही.

उतारा

मार्कच्या शुभवर्तमानातला बारावा अध्याय, वचनं 41 ते 44. प्रसंग माझ्या शब्दांत सांगते. येशू यरुशलेमच्या मंदिरात दानपेट्यांच्या समोर बसलाय आणि लोक पैसे कसे टाकतात ते बघतोय. बरेच श्रीमंत लोक येतात, भरपूर टाकतात. मग एक गरीब विधवा येते आणि दोन अगदी बारकी नाणी टाकते. येशू शिष्यांना जवळ बोलावतो आणि सांगतो की या बाईने इतर सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं. त्यांनी आपल्याजवळच्या भरपूरातून टाकलं, हिने आपल्या कमतरतेतून, होतं नव्हतं ते सगळं, सगळी उपजीविका टाकली.

बस. गोष्ट इथे संपते. बाई परत कधी दिसत नाही.

नाण्यांचा हिशेब करून ठेवू, पुढे लागणार आहे. त्या नाण्याचं ग्रीक नाव लेप्टा. मार्क स्वतःच सांगतो की दोन लेप्टा म्हणजे एक क्वाद्रान्स. हे रोमन नाणं. असे 64 क्वाद्रान्स मिळून एक दीनार व्हायचा, आणि दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज, असं मत्तयच्या शुभवर्तमानातल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरून दिसतं. म्हणजे बाईने टाकले ते एका दिवसाच्या मजुरीचा चौसष्टावा भाग. "उपजीविका" यासाठी मूळ ग्रीकमध्ये "बिऑस" हा शब्द आहे. त्याचा अर्थ जगण्याचं साधन असाही होतो आणि जगणं असाही होतो.

नेहमीचे तीन बोध

या उताऱ्यावरची मननं, उपदेश, पुस्तिका चाळल्या तर साधारण तीन बोध पुन्हा पुन्हा भेटतात. एकेक घेऊ आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारू: तुला आधार कुठल्या शब्दाचा?

पहिला बोध: देवाच्या हिशेबात रक्कम महत्त्वाची नाही, मागे काय उरलं ते महत्त्वाचं. याला आधार आहे. तुलना उताऱ्यात उघडपणे केलेली आहे, भरपूरातून आणि कमतरतेतून हे दोन शब्दप्रयोग समोरासमोर ठेवलेत. हा बोध पास.

दुसरा बोध: तुम्हीही तिच्यासारखं सर्वस्व द्या. आता उतारा परत वाचा. "तुम्हीही असं करा" हे वाक्य कुठे आहे? नाहीये. लूकच्या शुभवर्तमानात चांगल्या शोमरोन्याचा दाखला आहे. तिथे शेवटी येशू ऐकणाऱ्याला स्पष्ट सांगतो की जा आणि तूही तसंच कर. मार्कच्या दहाव्या अध्यायात एका श्रीमंत माणसाला तो सगळं विकायला सांगतो, पण ते पैसे गरिबांना द्यायला सांगतो, मंदिराला नाही. म्हणजे आज्ञा द्यायची असली की या ग्रंथांत ती दिली जाते. इथे दिलेली नाही.

तिसरा बोध: तिचा उद्याचा भार देवावर होता, तिचा विश्वास बघा. हा बोध मला सगळ्यात गोड वाटतो, आणि म्हणूनच तो नीट तपासावा लागतो. मार्कला विश्वासाबद्दल बोलायचं असतं तेव्हा तो बोलतो. पाचव्या अध्यायात रक्तस्रावाने आजारी असलेल्या बाईला आणि दहाव्या अध्यायात आंधळ्या बार्तीमयाला येशू सांगतो की तुमच्या विश्वासानेच तुम्हाला बरं केलं. या विधवेबद्दल विश्वास हा शब्दच येत नाही. तिने आनंदाने टाकलं, रडत टाकलं, सवयीने टाकलं की कुणाच्या धाकाने, काहीच सांगितलेलं नाही. आनंदाने देण्याची कल्पना पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातली आहे. वाचणारा ती तिथून नकळत इथे आणून ठेवतो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. शब्द नाही म्हणून बोध खोटा ठरत नाही. एखाद्या भक्ताला या बाईकडे बघून भरवसा वाटला तर तो त्याचा अनुभव आहे, आणि तो खरा आहे. पण "मला भरवसा वाटला" आणि "उतारा भरवशाबद्दल आहे" ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिल्याला पुरावा लागत नाही, दुसऱ्याला लागतो. प्रबंधात होणाऱ्या चुकांपैकी बऱ्याचशा पहिलं विधान दुसऱ्याच्या कपड्यांत आणून उभं केल्याने होतात.

उतारा सुरू कुठे होतो?

आता जरा पद्धतीचा मुद्दा. 41 ते 44 हीच चार वचनं का घ्यायची? कुणी ठरवलं?

लेखकाने नाही ठरवलं. आज वापरात असलेल्या अध्यायांच्या विभागणीचं श्रेय सहसा तेराव्या शतकाच्या सुरुवातीच्या स्टीफन लँग्टनला दिलं जातं. नव्या करारातले आजचे वचनांचे आकडे रोबेर एस्तिएन या छापखानेवाल्याने 1551 सालच्या आवृत्तीत घातले. मूळ मजकुरात असे कप्पे नव्हते. अध्याय आणि वचनं ही शोधायची सोय आहे, तिला अर्थाची सीमा समजायचं कारण नाही.

ती सीमा बाजूला सारली की काय दिसतं बघा. विधवा यायच्या लगेच आधी, 38 ते 40 या वचनांत, येशू लोकांना शास्त्र्यांपासून जपून राहायला सांगतोय. लांब झगे घालून मिरवणारे, बाजारात नमस्कार घ्यायला आवडणारे, सभास्थानात पुढच्या जागा धरणारे, आणि विधवांची घरं गिळणारे. हो, विधवांची. पुढच्याच प्रसंगात एक विधवा येते आणि तिच्याजवळचं सगळं मंदिराच्या पेटीत जातं. आणि त्याच्या लगेच नंतर, तेराव्या अध्यायाच्या सुरुवातीला, एक शिष्य मंदिराच्या भव्य दगडांचं कौतुक करतो, आणि येशू म्हणतो की यातला दगडावर दगड राहणार नाही. इसवी सन 70 मध्ये रोमन सैन्याने ते मंदिर खरोखरच उद्ध्वस्त केलं.

म्हणजे क्रम असा: विधवांची घरं खाणारे, मग सर्वस्व देणारी विधवा, मग कोसळणार असलेली इमारत.

आता गंमत बघा. हीच गोष्ट लूकमध्येही आहे आणि तिथेही क्रम हाच आहे. पण अध्यायाची रेघ वेगळ्या ठिकाणी पडली आहे. मार्कमध्ये रेघ विधवेच्या नंतर आहे, त्यामुळे पुढचे दगड तिच्यापासून तुटतात. लूकमध्ये रेघ तिच्या आधी आहे. विसावा अध्याय शास्त्र्यांवर संपतो आणि एकविसावा दानपेटीपाशी सुरू होतो, त्यामुळे घरं गिळणारे तिच्यापासून तुटतात. रोज एक अध्याय वाचणाऱ्या माणसाला लूकमध्ये तिचा मागचा शेजारी दिसणार नाही आणि मार्कमध्ये पुढचा.

रविवारच्या वाचनातही हेच घडू शकतं. कॅथलिक चर्चच्या तीन वर्षांच्या वाचनक्रमात हा उतारा दुसऱ्या वर्षी, सामान्य काळाच्या 32व्या रविवारी येतो. पूर्ण वाचन 38 ते 44 आहे, पण फक्त 41 ते 44 वाचण्याची मुभा आहे. छोटं वाचन निवडलं की शास्त्री गायब. शिवाय त्या दिवशीचं पहिलं वाचन असतं जुन्या करारातल्या सारफथच्या विधवेचं. ती शेवटचं मूठभर पीठ एलीया संदेष्ट्याला भाकर करून देते आणि मग तिच्या घरातलं पीठ आणि तेल संपत नाही. सुंदर गोष्ट आहे. पण ही जोडी ऐकणाऱ्याला आपोआप वाटणार की मंदिरातल्या विधवेचंही भलं झालं असेल. मार्क तसं काहीच सांगत नाही. तिच्या घरात संध्याकाळी काय शिजलं, हे कुणालाच माहीत नाही.

तुम्ही कादंबरीतला परिच्छेद निवडा, पोथीतला प्रसंग निवडा, नाहीतर मुलाखतीतली चार वाक्यं निवडा. कात्री कुठे चालवली यावर अर्धा निष्कर्ष आधीच ठरून जातो. म्हणून आपल्या प्रबंधात "हा उतारा इथून इथपर्यंत का घेतला" याला एक परिच्छेद द्यायला कंटाळू नका.

कौतुक की हळहळ?

या शेजाऱ्यांकडे जोर देऊन बोट दाखवणारा एक लेख 1982 साली "कॅथलिक बिब्लिकल क्वार्टरली" या नियतकालिकात आला. लेखक अ‍ॅडिसन राइट. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: येशू या बाईचं कौतुक करत नाहीये, तिच्यासाठी हळहळतोय. ज्या धर्मव्यवस्थेने तिला सांभाळायचं, तिनेच तिला शेवटचं नाणं टाकायला शिकवलं. राइट मार्कच्या सातव्या अध्यायाचीही आठवण करून देतात. तिथे येशू अशा लोकांवर रागावतो, जे आपलं धन देवाला वाहिलेलं आहे असं म्हणून आईवडिलांना सांभाळायचं टाळतात. माणसाची गरज मारून केलेलं अर्पण ज्याला तिथे खटकतं, तो इथे त्याचंच कौतुक कसं करेल, असा हा युक्तिवाद.

पहिल्यांदा वाचताना हा युक्तिवाद विजेसारखा लखलखतो. आणि तरुण संशोधकाला नेमका इथेच धोका असतो. नेहमीचा अर्थ उलटवणारा लेख हातात आला की तो बरोबरच असणार असं वाटायला लागतं. म्हणून मघाचा प्रश्न याही अर्थाला विचारा: तुला आधार कुठल्या शब्दाचा?

हळहळीचा शब्द उताऱ्यात नाही. "हाय हाय" नाही, "हिचा काय अपराध" नाही. उलट येशू शिष्यांना मुद्दाम जवळ बोलावतो आणि "मी तुम्हाला खचित सांगतो" अशा धाटणीने सुरुवात करतो. मार्कमध्ये अशी सुरुवात महत्त्वाच्या शिकवणीची खूण असते. बाईला कुणी भाग पाडलं असंही म्हटलेलं नाही. आणि आधीच्या वचनांत "विधवा" शब्द आला म्हणून संग्राहकाने ही विधवेची गोष्ट तिथे जोडली असेल, एवढाच तो संबंध, असंही म्हणता येतं. म्हणजे हळहळही, विश्वासासारखीच, उताऱ्याच्या मोकळ्या जागेत भरलेली आहे. फरक इतकाच की ती भरताना शेजारच्या वचनांचा आधार घेतलाय, आणि हा फरक लहान नाही.

1991 साली त्याच नियतकालिकात एलिझाबेथ स्ट्रुथर्स मालबन यांनी आणखी एक पाऊल टाकलं. संदर्भ महत्त्वाचा हे मान्य, पण कुठला संदर्भ? तो एकच नसतो. तेराव्या अध्यायात येशूचं लांबलचक बोलणं आहे. त्याच्या अलीकडे ही विधवा आहे आणि पलीकडे, चौदाव्या अध्यायात, येशूच्या डोक्यावर महागडं सुगंधी तेल ओतणारी एक बाई आहे. दोघी मिळून एक चौकट तयार होते. शिवाय विधवा आपलं सगळं जगणं देते आणि लगेच पुढे येशूच्या मरणाची कथा सुरू होते. या संदर्भात तिचं देणं येशूच्या देण्याची सावली वाटतं.

आता पुराव्याचा खेळ बघा. चौदाव्या अध्यायातल्या त्या तेलाची किंमत 300 दीनारांपेक्षा जास्त सांगितली आहे. मघाचा हिशेब लावला तर विधवेच्या दोन नाण्यांच्या 19,200 पटींहून जास्त. त्या बाईने चांगलं काम केलं असं येशू तिथे उघड म्हणतो, आणि तिची आठवण जगभर सांगितली जाईल असंही म्हणतो. हा पुरावा कुणाच्या बाजूचा? मालबन यांच्या बाजूचा, कारण दोन देणाऱ्या बायका समोरासमोर येतात. आणि राइट यांच्याही बाजूचा, कारण कौतुक करायचं असलं की मार्क कौतुकाचे शब्द वापरतो आणि विधवेसाठी ते वापरलेले नाहीत. एकच पुरावा दोन्ही पक्षांना उपयोगी पडतो, असं तुमच्याही विषयात होईल. तेव्हा घाबरून पुरावा लपवू नका. तो कुठपर्यंत नेतो आणि कुठे सोडून देतो, ते लिहा.

माझं मत विचाराल तर: पूर्ण कौतुक आणि पूर्ण हळहळ, दोन्ही उताऱ्यापेक्षा जास्त बोलतात. पण 38 ते 40 ही वचनं वगळून काढलेला कुठलाही बोध मला पुरेसा वाटत नाही. बाईचं देणं मोठं आहे, आणि ती द्यावी लागण्याच्या परिस्थितीत आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

एक सावधगिरी इथेच नोंदवते. ही शास्त्र्यांवरची टीका सगळ्या यहुदी धर्मावरची टीका म्हणून वाचू नका. थोडंच आधी, त्याच बाराव्या अध्यायात, एका शास्त्र्याला येशू सांगतो की तू देवाच्या राज्यापासून दूर नाहीस. आणि विधवांना लुबाडणाऱ्यांवरचा राग यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातही आहे. हा घरातल्याच माणसाने घरातल्यांना दिलेला इशारा आहे.

साधना करणाऱ्यांची शिस्त

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की वैयक्तिक बोध शोधणं म्हणजे अडाणीपणा आणि संशोधन म्हणजे शहाणपणा. असं मुळीच नाही. ही साधना करणाऱ्यांची स्वतःची शिस्त आहे, आणि ती आजच्या घाईपेक्षा कडक आहे.

बाराव्या शतकात ग्विगो दुसरा नावाचा कार्थुसियन मठाधिपती होऊन गेला. त्याने या साधनेच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. त्याने याची तुलना खाण्याशी केली आहे. वाचनाने घास तोंडात जातो, मननाने चावला जातो, मग त्याची चव लागते. उदाहरण म्हणून तो अंतःकरण शुद्ध असलेल्यांबद्दलचं एकच छोटं वचन घेतो. आणि मनन करताना काय करतो? त्या वचनातला शब्द न् शब्द उलटापालटा करून बघतो, मग स्तोत्रांतली आणि ईयोबाच्या ग्रंथातली वचनं शेजारी आणून ठेवतो. मग कुठे प्रार्थनेकडे वळतो. "हे मला काय सांगतं" हा प्रश्न त्याच्याकडे पहिला नाही.

कीर्तनात बुवा अभंगाचं एक चरण घेऊन तासभर निरूपण करतात, तेव्हा शब्द सोडत नाहीत, दाखले शेजारून आणतात. शिस्त ओळखीची वाटेल. माझी टीका त्या वाचनावर आहे ज्यात पहिली पायरी गाळून थेट चवीचं वर्णन सुरू होतं. आणि ही टीका करायला विद्यापीठाची पदवी लागत नाही. ती परंपरेच्या आतूनच करता येते.

दृश्यात तुम्ही कुठे आहात?

मग या उताऱ्यातून वैयक्तिक बोध निघतच नाही का? निघतो. पण आधी उताऱ्याने आपल्याला कुठे बसवलंय ते बघावं लागतं.

बहुतेक वाचक स्वतःला विधवेच्या जागी ठेवतात. "माझ्याकडे थोडंच आहे, पण मी देतो." मराठीत आपण म्हणतो ना, फूल ना फुलाची पाकळी. खाऊनपिऊन सुखी माणूस शंभराची नोट देतो आणि मनात त्या विधवेशी नातं जोडतो. पण ती पाकळी देत नव्हती. तिच्याजवळ एकच फूल होतं, तेच तिने दिलं. पाकळी देणारे त्या दृश्यात आहेत, पण दुसऱ्या रांगेत, भरपूरातून टाकणाऱ्यांच्या. म्हणजे ज्या उताऱ्याने सुखवस्तू वाचकाला अवघडायला हवं, तोच त्याला दिलासा देतो. आणि ज्याच्या घरात खरंच महिनाअखेरीला काही उरत नाही, त्याला मात्र हाच उतारा ऐकवला जातो, "ती विधवा बघा" म्हणून. अर्पणाची थैली फिरवण्याच्या आधी ऐकवला तर त्याचा अर्थ काय होतो, हे वेगळं सांगायला नको. बोध एकच, पण पैसे गरिबाचे जातात आणि समाधान श्रीमंताला मिळतं.

उतारा स्वतः आपल्याला तिसऱ्याच जागी बसवतो. येशू विधवेशी एक शब्दही बोलत नाही. तो शिष्यांना बोलावतो. त्यांच्याकडून एकच अपेक्षा दिसते: जिच्याकडे कुणी बघत नाही तिच्याकडे बघा आणि तिचा हिशेब वेगळ्या मापाने करा. वाचणारा शिष्यांच्या शेजारी बसला तर प्रश्न बदलतो. "मी किती द्यावं" याऐवजी "माझ्या संस्थेच्या, माझ्या देवळाच्या, माझ्या चर्चच्या पेटीत कुणाचं शेवटचं नाणं पडतंय, आणि ते मला दिसतंय का" असं विचारावं लागतं. हाही वैयक्तिक बोधच आहे. फक्त तो गोड नाही.

माझी कसोटी मी अशी ठेवते: बोध काढणाऱ्याला उतारा कधी "नाही" म्हणू शकतो का? जो बोध उतारा वाचायच्या आधीच आपल्या खिशात तयार होता आणि वाचल्यावरही जसाच्या तसा राहिला, त्यासाठी उताऱ्याची गरजच काय होती?

तुमच्या संशोधनासाठी

या विषयावर काम करायचं असेल तर आधी आपला प्रश्न कुठल्या जातीचा आहे ते ठरवा. "मार्कच्या संहितेत या प्रसंगाचा अर्थ काय" हा एक प्रश्न. त्याला ग्रीक भाषा, रचना, पहिल्या शतकाचा इतिहास लागेल. "लोक या प्रसंगाचं काय करतात" हा दुसरा. त्याला उपदेश, पत्रं, आत्मचरित्रं, मुलाखती लागतील. दुसऱ्या प्रश्नात भक्ताचा बोध बरोबर की चूक हे ठरवणं तुमचं काम नाही. तो कसा घडतो आणि काय घडवतो, हे सांगणं तुमचं काम आहे. मुलाखत देणाऱ्या आजीबाईंना मार्क 12:38 दाखवून त्यांचा बोध खोडून काढायला जाऊ नका. पण जेव्हा एखादा उपदेश "संहितेत असं लिहिलंय" असा दावा करून दुसऱ्याच्या खिशात हात घालतो, तेव्हा पहिल्या प्रश्नाची हत्यारं बाहेर काढायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

मराठीत या दुसऱ्या प्रश्नासाठी मोठं क्षेत्र आहे. पंडिता रमाबाईंचंच बघा. 1882 साली त्या स्वतः विधवा झाल्या, 1889 साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, आणि हिब्रू, ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं. जिथे "विधवा" हा शब्द छापलेल्या पानावरून उठून समोरच्या अंगणात चालत होता, तिथे हा उतारा कसा वाचला गेला असेल? याचं उत्तर कल्पनेने देऊ नका. पत्रं, अहवाल, भाषांतरातली शब्दनिवड, यांत शोधा. विषय प्रबंधाइतका मोठा आहे.

आणि आजच करता येईल असा एक सराव. कागदाचे तीन रकाने करा. पहिल्यात लूकचा प्रसंग, 20:45 पासून 21:6 पर्यंत, मधली अध्यायाची रेघ विसरून, स्वतःच्या शब्दांत लिहा. दुसऱ्यात सुचतील ते सगळे बोध लिहा, मन आवरू नका. तिसऱ्यात प्रत्येक बोधासमोर त्याला आधार देणारा शब्द लिहा. जिथे तिसरा रकाना रिकामा राहील तो बोध खोडू नका, त्यापुढे आपलं नाव लिहा. पुढच्या वेळी मार्गदर्शकांनी समासात तोच प्रश्न लिहिला की हा कागद समोर ठेवा.